मुठीतला गंज

"अजून काळं होत नाहीये," रविकांत म्हणाला. त्याच्या बायकोने, सुनेत्राने, फडकं पुन्हा मिठाच्या पाण्यात बुडवून दिलं. चार वाजता शेजारचे हॉफमनआजोबा हॉस्पिटलमधून घरी येणार होते, आणि तीन वाजून गेले होते.

ओट्यावर आजोबांची तीनशे वर्षांची जपानी तलवार उघडी पडली होती. ऑपरेशनला जाताना त्यांनी ती स्वतःच्या मुलाकडे न देता रविकांतच्या हवाली केली होती. तो नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला आल्यापासून दर रविवारी ते त्याला खिडकीशी बसवून ती कशी पाहायची ते शिकवत. पातं उजेडात जरा तिरकं केलं की धारेलगत ढगासारखी पांढरी किनार उमटे. तापलेलं पातं त्या कारागिराने नेमक्या कुठल्या क्षणी पाण्यात बुडवलं असेल, या विचाराने रविकांत दर वेळी थक्क होई. मग आजोबा बांबूची खुंटी काढून मूठ उतरवत आणि आतल्या काळ्या गंजावरून अंगठा फिरवत. "हिचं वय इथं लिहिलंय," म्हणत. शनिवारी लेडनहून जाणकार यायचा होता. तलवार कोणाच्या हातची, एवढं त्यांना मरायच्या आधी कळायला हवं होतं.

खंडेनवमीला सुनेत्राने ती पूजेत मांडली. गंजकं शस्त्र देवापुढे कसं ठेवायचं, म्हणून आधी मूठ उतरवून आतला भाग चिंच आणि तारेच्या घासणीने लख्ख केला. रविकांत ऑफिसातून आला तेव्हा बिचारी कौतुकाची वाट बघत होती.

ऑफिसात पुसलं गेलेलं काहीही बॅकअपमधून परत आणणारा हा माणूस. दोन दिवस झाले, गंज काही आणता येईना.

"मी सांगते त्यांना. चूक माझीये."

"वेडी आहेस का? आत्ता ऑपरेशन झालंय त्यांचं."

हे अर्धंच खरं होतं. या देशात त्याच्यावर विश्वास टाकणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि तो भयंकर घाबरला होता. त्याने मिठाच्या पाण्याने चढलेल्या तांबूस पुटावर काळेपणासाठी कोरा चहा चोपडला, वाळवला, मूठ बसवली. तेवढ्यात बेल वाजली.

आजोबा काठी टेकत आले. धाप लागली होती, तरी बसल्या बसल्या त्यांनी पातं खिडकीकडे धरलं. किनार उमटली तसे ते लहान मुलासारखे हसले.

"जशीच्या तशी ठेवलीये, आजोबा," रविकांत म्हणाला. सुनेत्राने मान खाली घातली.

आजोबांनी खुंटी काढली, मूठ उतरवली. अंगठा फिरवला आणि मध्येच थांबले. मग त्यांनी अंगठा रविकांतसमोर धरला. तो तांबूस झाला होता.

"जुना गंज हाताला लागत नाही, रवी," ते म्हणाले.