कंसमामांचा तास

"एकच मुलगी?" प्राचार्य पंकजा मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एका मुलीसाठी विषय कसा चालवायचा, सर?"

गोरक्षनाथ सर समोरच्या खुर्चीत ताठ बसले होते. केडगावच्या पुढच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात ते लिस्प शिकवत. लिस्प ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा. तिच्यात जिकडंतिकडं कंसच कंस. त्यावरून मुलांनी सरांचं नाव कंसमामा पाडलं होतं. स्टाफरूमही काही मागं नव्हती. "नोकरीच्या जाहिरातीत कधी दिसली का हो तुमची लिस्प?" असं चहा पिताना कुणी ना कुणी विचारायचं. सर कप ठेवून उठून जायचे. पायथनचा वर्ग घ्या, म्हणून त्यांना दरवर्षी गळ घातली जाई. ती गर्दीची भाषा, आपण नाही शिकवणार, हे त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

यंदा तिसऱ्या वर्षातून लिस्पला एकच नाव आलं. रेश्माचं. मुलगी पाथर्डीकडची, आईबाप ऊसतोडीला जाणारे. बाकीच्या तासांना ती तोंडातून शब्द काढत नाही, असं सगळेच म्हणत. सरांच्या तासाला मात्र ती त्यांना हलू देत नसे. हे असंच का, ते तसं केलं तर काय होईल, पुन्हा एकदा सांगता का. तास संपून घंटा झाली तरी दोघं फळ्यापाशीच. सर घरी जाऊन बायकोला सांगत, इतक्या वर्षांत एक पोर भेटली जिला या भाषेची गोडी कळली.

"मॅडम, तुम्ही तिलाच विचारा," सर म्हणाले. "तिचं ऐका आणि मग विषय बंद करा."

रेश्माला बोलावलं गेलं. ती दाराशीच उभी राहिली. मॅडमनी तिला आत घेतलं, बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"सगळे पायथन घेतात. तू लिस्प का घेतलीस? घाबरू नकोस. मनात असेल ते सांग."

सर किंचित पुढं सरकले. रेश्मानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं.

"मला लिस्पचं काहीच म्हायती नव्हतं, मॅडम. नाव देताना एवढंच बघितलं, की कुटं कुनीच नाव दिलं न्हाई."

"म्हणजे?"

"बाकीच्या समद्या तासांना साठ पोरं, पायथनलाबी तीच. मी काई विचारलं की हसत्यात. मी हाय म्हनते, न्हाई म्हनते, म्हनून. मागं बसून माझी नक्कल करत्यात. मग मी विचारायचंच सोडलं. सरांच्या तासाला हसायला कुनी न्हाई."

सर खाली फरशीकडं बघत होते. एकेक प्रश्न त्यांना आठवू लागला. व्हेरिएबल म्हणजे काय, फंक्शन कशाला लिहायचं, लूप थांबतो कसा. त्यातले निम्म्याहून जास्त लिस्पचे नव्हतेच. पहिल्या वर्षीच विचारायला हवे होते, ते ती आता विचारत होती. सरांनी मात्र प्रत्येक प्रश्न आपल्या भाषेचं कौतुक म्हणून ऐकला होता.

रेश्मा बाहेर गेली. मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आता सर भाषण करणार, असं त्यांना वाटलं. दरवर्षी ते करायचे.

"विषय बंद करते मी," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "तिला पायथनच्या वर्गात बसवू. मुलांना मी समज देते."

"समज देऊन पोरं हसायची थांबत नाहीत, मॅडम." सर उठून उभे राहिले. "लिस्प खुशाल बंद करा. पायथन मीच शिकवतो तिला. फक्त तो तास तेवढा राहू द्या."