तिसावी केस

“इथे सही कर आणि उचल तिला,” म्हणत नर्सने कागद पुढे केला. अडलेल्या बाईच्या नवऱ्याने हाताचं रक्त सदऱ्याला पुसलं आणि ती बोट ठेवेल तिथे तीन सह्या ठोकल्या. काय लिहिलंय हे त्याने विचारलं नाही. तिनेही वाचलं नव्हतं. अभ्यासाला आलेल्या साहेबांनी आपणहून कागद दिला म्हणजे गाडी मिळाली, असं तिने धरूनच टाकलं होतं.

गाडी दारातच होती. पांढरीशुभ्र, उंच, आत एसी. आरोग्य केंद्राची स्वतःची अँब्युलन्स मागच्या अंगाला विटांवर बसली होती, त्याला वर्ष होत आलं होतं. टायरसाठी नर्सने तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: सरहद्दीकडच्या आरोग्यसेवेचा अभ्यास चालू आहे, तो होईपर्यंत नवा खर्च नाही. अभ्यासाला मात्र गाडी होती, डिझेल होतं, बाटलीबंद पाण्याचे खोके होते. पैसा दोन्हीकडे सरकारचाच.

“सिस्टर, तुमचा गैरसमज झालाय,” साहेब म्हणाले. तरुण होते, बोलायला सभ्य. “ही संमती आमची गाडी पेशंटच्या मागून येण्याची आहे. पेशंट इथून जिल्ह्याच्या हॉस्पिटलला किती वेळात पोहोचतो, ते आम्ही मोजतो. आमच्याच गाडीने नेलं तर मोजणार काय?”

आधी ते तिच्या डोक्यातच शिरेना. शिरलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“बाळ आडवं आहे. रक्त थांबत नाही. तुमच्या गाडीने तास, ट्रॅक्टरने तीन. झालं ना मोजून?”

साहेब ओशाळले. फोन घेऊन कुंपणापाशी गेले. रेंज तिथेच यायची. कुंपणापलीकडे दुसरा देश होता आणि त्या देशाचं हॉस्पिटल इथून नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. तिकडे जायला परवाना लागायचा, आणि तो हातात पडायला आठ दिवस.

“वरून नाही म्हणतात,” ते परत येऊन म्हणाले. “तीस केसेस हव्यात, एकोणतीस झाल्या. ही झाली की अहवाल जातो. अहवाल गेला की तुम्हाला दोन अँब्युलन्स, सिस्टर. मी स्वतः लिहिणार आहे तसं.”

खोटं बोलत नव्हता माणूस. त्याचा त्यावर विश्वास होता.

“मग हिला गाडीत घाला आणि तिसावी दुसरी शोधा.”

“दुसरी म्हणजे कोण?” ते हळूच म्हणाले. “तीही अशीच कुणीतरी असणार ना?”

ती पाठ फिरवून गादी काढायला आत गेली.

नवरा एव्हाना शेजारचा ट्रॅक्टर घेऊन आला होता. ट्रॉलीत गवत पसरलं, वर केंद्रातलीच गादी टाकली. नर्सला सोबत जाता येईना. आत सलाईन लावलेलं मूल होतं आणि केंद्रात दुसरं कुणी नव्हतं. कापडाचा बोळा कसा दाबून धरायचा, हे तिने बाईच्या सासूला दोनदा करून दाखवलं. ट्रॉली खड्ड्यांतून हेलकावे खात निघाली. तिच्या मागे, बेतानं अंतर राखून, पांढरी गाडी.

तिसऱ्या दिवशी नवरा एकटाच आला. मृत्यूच्या नोंदीसाठी केंद्राचं पत्र हवं होतं.

“दोघांची नावं लिहायची का?” नर्सने विचारलं.

“बाळाचं ठेवलंच नव्हतं.”

ती लिहायला बसली, पण पेन पुढे सरकेना. आज याला सगळं सांगून टाकायचं, कागदावर काय होतं तेही सांगायचं, असं तिने दोन दिवस मनाशी घोकलं होतं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने हात जोडले.

“ताई, तुमचे उपकार नाही विसरणार. तुम्ही ती गाडी सोबतीला दिलीत. एवढी मोठी गाडी, पण साहेबांनी एकदाही आम्हाला मागे टाकलं नाही. ही वाटेतच गेली, तरी पार हॉस्पिटलच्या दारापर्यंत मागे मागे आले.”