हिरव्या गोलातला प्र

कॅमेरा बंद असला की पडद्यावर नावाचं पहिलं अक्षर तेवढं दिसतं. महामायाच्या हातातल्या मोबाइलवर हिरव्या गोलात 'प्र' होता. कुणी बोललं की त्याच्या गोलाभोवतीची कडा थरथरायची. हा 'प्र' मात्र कित्येक महिन्यांत हलला नव्हता.

तिनं आतल्या खोलीचं दार अलगद ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर येऊन बसली. वडनेर भोलजीतल्या त्या घरात रेंज तिथंच मिळायची. सरांनी प्रसेनजितचं नाव पुकारलं. तिनं एका बोटानं टाइप केलं : हजर सर.

लेकाचं बी.एस्सी.ला नाव घातलं तेच लॉकडाउनमध्ये. कॉलेजनं त्याचं तोंड पाहिलं नाही, त्यानं कॉलेजचं. नांदुऱ्याचा एसटीचा पास, कॅन्टीनचा चहा, झेरॉक्स. मायलेकांनी हौसेनं ठरवलेला एकही खर्च झाला नाही. प्रयोगशाळेचा पांढरा एप्रन तेवढा घेतला होता. त्याची घडी अजून मोडली नव्हती. उरला तो रिचार्ज. त्यासाठी तिनं केबल बंद केली, मग सकाळचा दुधाचा चहाही.

कालच ती ज्ञानेश्वरच्या मोबाइलच्या दुकानात गेली होती.

"मावशी, पुन्हा त्याच्याच नंबरावर?"

"हाव. क्लास बुडते न नाही तं."

"उगा काऊन पैसा घालता? तुमचा सोताचा फोन बंद पडून हाये."

"मले कोन फोन करते, बाप्पा?"

ज्ञानेश्वरनं मास्क वर ओढला आणि न विचारता नंबर दाबला.

हजेरी संपली. "सोमवारपासून कॉलेज उघडतंय," सर म्हणाले. "आता सगळ्यांनी प्रत्यक्ष यायचं. आणि ऐका, वर्षभर एकदाही हजेरी न चुकवलेला एकच विद्यार्थी आहे. प्रसेनजित, बाळा, माइक तरी चालू कर. सोमवारी पहिल्या बाकावर बसायचं बरं का!"

"सर, लाजून राह्यला तो," कुणीतरी खिदळलं.

महामायानं बंद दाराकडं पाहिलं. रोज ठरवायची आणि रोज उद्यावर ढकलायची. आज तिनं माइकच्या खुणेवर बोट टेकवलं.

'प्र'भोवतीची कडा थरथरली.

"सर, मी प्रसेनजितची माय बोलून राह्यली. तो एप्रिलातच गेला, करोनात. आता त्याचं नाव खोडा."