आषाढातला बांबू

टेम्पो पळस्प्याच्या वस्तीत शिरला आणि काळूरामच्या दारात थांबला. अपूर्वने उतरून मागचा फाळका पाडला, हाताला आल्या तेवढ्या टोपल्या उचलल्या आणि अंगणात भिरकावल्या. टोपल्या आपटल्या तशी त्यांतून पिवळट भुकटी उडाली.

"न्हावा शेवा बंदरातून परत आल्या. अख्खा कंटेनर," तो म्हणाला. "तपासणीत कीड सापडली. काका, काय करून ठेवलंत तुम्ही!"

काळूराम सूप विणत बसला होता, तो उठला नाही. जवळची टोपली ओढून त्याने एक कामटी बोटाने दाबली. ती बिस्किटासारखी तुटली.

"बांबू कोणी पाठवला होता?" त्याने विचारलं.

अपूर्वने ते ऐकलं न ऐकलं केलं. त्याच्या कंपनीच्या मसाल्यांचे डबे परदेशी जातात. गेल्या वर्षी कंपनीच्या मालकीण विनितामॅडमनी ठरवलं, की आता प्लास्टिक बंद, पुठ्ठा बंद, पॅकिंग बांबूच्या टोपल्यांत आणि सगळा माल पन्नास किलोमीटरच्या आतला. ही साखळी उभी करायचं काम अपूर्वकडे आलं. 'शाश्वत' हा शब्द तेव्हापासून त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरही आहे.

काळूरामने त्याला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. बांबू तोडायचा तो दिवाळीनंतर, अंधाऱ्या पंधरवड्यात. आपटा गावाजवळ पाताळगंगा नदीत पंधरा दिवस बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. अपूर्वने ते भक्तिभावाने लिहून घेतलं आणि मॅडमनी वेबसाइटवर टाकलं. ऑर्डर मात्र आषाढात आली. काळूरामकडचा बांबू संपला होता आणि जहाजाची तारीख ठरलेली होती. म्हणून अपूर्वने कुठूनतरी हिरव्या बांबूचा ट्रक पाठवून दिला.

"पावसात बांबूच्या बेटाला हात लावत नाय," काळूराम म्हणाला. "खालून कोंब येत असतात. तेव्हा तोडलं तर बेट मरतं आणि तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो. दोन्ही सांगितलं होतं तुमाला. फोनवर पण सांगितलं."

"मग विणल्यास कशाला?"

अपूर्वच्या तोंडचं 'काका' गेलं होतं, 'तुम्ही'ही गेलं होतं. पण काळूरामला लागलं ते वेगळंच. प्रश्न खरा होता. त्या बांबूत कोयता फार सहज उतरत होता, कामट्यांना ओला, गोडसर वास येत होता. पहिला बांबू फाडतानाच त्याला कळलं होतं. वस्तीतली आठ घरं कामाची वाट बघत होती, म्हणून एकदा चालेल, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. अपूर्वचा त्याला राग आला. स्वतःची मात्र लाज वाटली.

अपूर्वने खिशातून कागद काढला. "सही कर. बांबू तू आणलास, कंपनीला न विचारता. तिकडच्या पार्टीला एवढंच दाखवायचंय. नाहीतर आमचं सर्टिफिकेट जाईल."

"आणि माझं काय जाईल?"

"तुझं काय जातंय? दिवाळीनंतरची ऑर्डर तुलाच देतो. नाही केलीस, तर या वस्तीतल्या एकाही घराला काम मिळणार नाही."

काळूरामची बायको वेणू दारात उभी होती. "करा सही," ती म्हणाली. "आठ घरं हायेत. तुमच्या एकट्याचा प्रश्न नाय."

काळूरामने कागद हातात घेतला. वाचता येत होतं, म्हणून त्याने तो सावकाश वाचला. अपूर्वला उशीर होत होता. तो ड्रायव्हरकडे वळला.

"टोपल्या परत भर रे. फवारणी करून दिवाळीच्या गिफ्टला काढू. इकडचं गिऱ्हाईक एवढं बघत नाही."

ड्रायव्हरने टोपली उचलली. तिच्या कडीला सुतळीने एक कार्ड बांधलेलं होतं, तसं प्रत्येक टोपलीला होतं. कार्डावर काळूरामचा फोटो आणि खाली छापलेलं: 'ही टोपली मी विणली. निसर्गाला धक्का न लावता.' ज्या दिवशी ही कार्डं आली, त्या दिवशी काळूरामने एक मागून घेऊन वस्तीभर दाखवलं होतं.

वेणू पायरी उतरून आली. ड्रायव्हरच्या हातातली टोपली तिने हिसकावून घेतली, कार्ड पाहिलं, मग काळूरामकडे पाहिलं. "ह्या आता पनवेलात विकणार? ह्या फोटोसकट?" तिने विचारलं.

काळूरामने कागद खाली ठेवला आणि कोयता घेऊन उठला. अपूर्व दोन पावलं मागे सरकून टेम्पोला टेकला. "हे बघ, अंगावर यायचं काम नाही!"

काळूराम त्याच्या बाजूने पुढे गेला. वेणूने टोपली समोर धरली. त्याने सुतळी कापली आणि कार्ड सदऱ्याच्या खिशात टाकलं. मग दुसरी टोपली. वेणू घरात जाऊन आपला कोयता घेऊन आली आणि टेम्पोत चढली.

"अरे, ए! कार्डं का तोडताय?" अपूर्व ओरडला. "काम बंद होईल तुमचं, सगळ्या वस्तीचं!"

"होऊ दे," वेणू आतून म्हणाली.

"त्या कार्डावरच तर माल विकतो आम्ही! कार्ड नसेल तर कोण घेणार या टोपल्या?"

काळूरामने हातातली सुतळी कापली, टोपली उचलून अपूर्वच्या पोटाशी दिली आणि म्हणाला,

"तुमचा फोटो लावा."