सचोटी समितीचा निकाल

आमच्या कॉलेजला सचोटीचा भारी पुळका. प्रवेश देतानाच शपथपत्रावर सही घेतात: कॉपी करणार नाही, आणि कुणाला करताना पाहिलं तर गप्प बसणार नाही.

परवा पेपरला खुद्द उपप्राचार्य संस्थाध्यक्षांच्या भाच्याच्या बाकावर वाकून त्याला पाचव्या प्रश्नाचं उत्तर सांगत होते. मागे बसलेल्या आम्ही तिघी मैत्रिणींनी ते पाहिलं आणि तक्रार केली.

"तुला कुणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी?" घरी आई कडाडली.

"कॉलेजनेच. सही घेऊन."

सचोटी समितीने आम्हाला तीन वेगळ्या खोल्यांत बसवून लेखी जबाब घेतले. मोबाइल जमा, दाराशी शिपाईमामा उभे. तिघींनी जे पाहिलं तेच लिहिलं: तोच बाक, तोच प्रश्न, तीच वेळ.

आज नोटीस बोर्डावर निकाल लागला.



"तिघींचे जबाब तंतोतंत जुळतात. सबब, एकमेकींचे पाहून लिहिल्याबद्दल तिघींचाही पेपर रद्द करण्यात येत आहे."