नुसत्या चुळा

डायलिसिसच्या खाटेवर नवऱ्याला झोपवताच शरयूताईंनी डब्यातून लोणच्याचा खार काढला. "सोडियम घसरलंय ना, डॉक्टर? बोटभर चाटवते."

"थांबा! मीठ कमी नाही, अंगात पाणी जास्त झालंय. सोडियम एकदम वाढलं तर मेंदूला इजा होते, म्हणून आज मशीन थोडाच वेळ, सावकाश चालवू. पाणी किती पितात?"

"दोनच पेले. मी स्वतः मोजून देते."

"तोंड कोरडं पडतं, तेव्हा नुसत्या चुळा भरतो," नवरा पुटपुटला.

शरयूताईंनी खाराचा डबा बंद केला. बेसिनपाशी दिवसभर चालणारी ती गुळगुळ त्यांना ऐकू यायची. थुंकल्याचा आवाज मात्र एकदाही आठवेना.

त्यांनी वळून पाहिलं. नवऱ्यानं डोळे घट्ट मिटले होते.

"अहो, सोंग पुरे. आजपासून चूळ माझ्यासमोर भरायची."