चौदा तासांचं अंतर

वडील अंथरुणाला खिळल्यापासून चार वर्षं त्यांचं सगळं मुलगीच करत होती. शेवटी ते डोळेही उघडेनात, तेव्हा तिने परदेशातल्या भावाला फोन केला. "चौदा तासांचं विमान आहे, पण निघालोच," तो म्हणाला. ती वडिलांच्या कानाशी वाकली. "बाबा, दादा येतोय. चौदा तास कळ काढा." त्यांनी खरंच जीव धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ दारात उभा राहिला आणि वडिलांनी डोळे उघडले. त्यांची नजर मुलीवरून सरकत मुलावर थांबली. "चौदा तास प्रवास करून आलाय पोरगा," ते पुटपुटले. "ऊठ, त्याला खुर्ची दे." ती उठली. तासाभरात ते गेले. आत्याने भावाला कुशीत घेतलं. "तुझ्यातच जीव अडकला होता रे बापाचा." मग भिंतीशी उभ्या मुलीकडे वळून म्हणाली, "तुझं काय बाई, तू इथेच होतीस."